दुर्मीळ कॅलिबरला भुलण्याआधी

विंचेस्टर १८८६ ही जुनी रायफल घ्यायची म्हणतोस, आणि तीही .५०-११० या कॅलिबरमध्ये (पहिला आकडा नळीच्या छिद्राचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत; दुसरा काडतुसातल्या दारूचं वजन, ग्रेनमध्ये). निवड उत्तम आहे, पण घाई करू नकोस. जॉन ब्राउनिंगच्या रचनेवर बनलेल्या या रायफली जवळपास १,६०,००० निघाल्या. .४५-७० किंवा .४५-९० शोधलीस की सापडते; .५०-११० मात्र मोजक्याच, म्हणून तिला भाव. आणि नेमकी तिथेच फसवणूक होते.

बंदुकीची नळी आतून गंजली की त्या काळी ती पोखरून मोठ्या कॅलिबरची करून घेत. त्यामुळे नळीवर, रिसिव्हरच्या (ज्यात काडतूस भरायची यंत्रणा असते त्या मधल्या धातूच्या भागाच्या) अगदी पुढे ठोकलेला आकडा भिंगाखाली बघच. खाली जुन्या आकड्याची पुसट रेघ दिसते का? अक्षरांच्या कडा धारदार आहेत की पॉलिश करून बोथट झाल्यात? बोथट असतील तर नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) झालंय, मग किंमत निम्म्यावर आली तरी मला नवल वाटणार नाही. मी स्वतः तरी अशी रायफल घेणार नाही.

खालच्या टँगवरचा (रिसिव्हरपासून मागे दस्त्याकडे जाणाऱ्या पट्टीवरचा) सीरियल नंबर टिपून घे आणि वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडून फॅक्टरी लेटर, म्हणजे त्या नंबरच्या कारखान्यातल्या नोंदीचं पत्र, मागव. कारखान्यातून निघताना कॅलिबर कोणतं होतं, नळी गोल होती की अष्टकोनी, हे जुन्या नोंदवह्यांतून कळतं. लेटर हातात येईपर्यंत पैसे देऊ नकोस, विकणारा कितीही सज्जन वाटला तरी.

अमेरिकी संघीय कायद्यात अशी रायफल १८९८ पर्यंत बनलेली असेल तरच ‘अँटिक’, म्हणजे बंदुकांच्या बहुतेक नियमांतून वगळलेली, धरतात. १८८६ हे मॉडेलचं वर्ष, तुझ्या रायफलीचं नव्हे; ती नंतर बनलेली असू शकते.