क्विटक्लेमवर सही करण्याआधी

चि. सौ. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. न्यू जर्सीचं घर तू लग्नाआधी एकटीच्या नावावर घेतलंस, आता डीडवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, नवऱ्याचं नाव घालायचंय. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की क्विटक्लेम डीड डाउनलोड कर, नोटरीसमोर सही कर, काउंटी क्लार्ककडे नोंदव, झालं. तो काही खोटं बोलला नाही, काम तेवढंच आहे. पण माझी सारी नोकरी घरांच्या मालकीची खातरजमा करणाऱ्या टायटल कंपनीत जुनी डीडं तपासण्यात गेली. वकिलांनी केलेल्या खरेदीत क्वचितच घोळ निघायचा, निघायचा तो घरच्या घरी उरकलेल्या असल्या दोन पानी कागदांत. मी वकील नाही आणि शेवटी तुला वकिलाकडे जायचंच आहे. तिथे काय विचारायचं ते ठाऊक असलेलं बरं, म्हणून हे लांबलचक पत्र.

क्विटक्लेममध्ये देणारा एवढंच लिहून देतो की या घरात माझा जो काही हक्क असेल तो मी सोडला आणि तुला दिला. हक्क आहे याची हमी नाही. घरावर कुणाचा बोजा नाही, कर थकलेला नाही, आधीच्या बायकोचा दावा नाही, यातल्या कशालाच तो बांधील नसतो. मी उद्या तुला शनिवारवाड्याचं क्विटक्लेम लिहून दिलं तर माझ्याकडून तुला शनिवारवाड्याचा जेवढा हक्क मिळायचा तेवढा मिळेल, आणि तू माझ्यावर दावाही लावू शकणार नाहीस. वॉरंटी डीडमध्ये उलट असतं. पुढे मालकीत खोट निघाली तर देणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. म्हणून अनोळखी विकणारा क्विटक्लेम देऊ करत असेल तर तिथून सरळ उठून यायचं.

तुझ्या बाबांनी विचारलं ना, हे आपल्या हक्कसोडपत्रासारखंच का? थोडंफार. बहिणी भावाच्या नावे वडिलोपार्जित घरातला हिस्सा सोडतात, तेव्हा त्यांचा जेवढा हिस्सा तेवढाच सुटतो, हे साम्य आहे. पण आपल्याकडे हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच नावे होते आणि दुय्यम निबंधकासमोर साक्षीदारांनिशी नोंदवावी लागते. इथे क्विटक्लेम रस्त्यावरच्या माणसाच्या नावेही करता येतं. काउंटीचं ऑफिस नमुना, सही, नोटरीचा शिक्का आणि फी बघतं. आत लिहिलेलं खरं आहे का, हे बघणं त्यांचं काम नाही. खोट्या सह्या करून घरं लाटणाऱ्यांनाही हाच कागद सोयीचा पडतो. बऱ्याच काउंट्या तुझ्या नावावर काही नोंद झाली की फुकट इशारा पाठवतात. तुझ्या काउंटीत सोय असेल तर आजच नाव घाल.

आता तुझं घर. न्यू जर्सीत मी तरी क्विटक्लेम करणार नाही. तिथे वकील सर्रास 'बार्गेन अँड सेल डीड' करतात, त्यात देणारा निदान एवढं कबूल करतो की माझ्या हातून या घरावर कुठला बोजा चढलेला नाही. खर्च जवळपास तोच. डीड तुझ्याकडून तुम्हा दोघांना, 'पती-पत्नी' असा स्पष्ट उल्लेख करून, टेनन्सी बाय द एन्टायरटी या प्रकारात करून घे. त्यात एक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक होतो, प्रोबेटची, म्हणजे कोर्टातून वारसा लावून घेण्याची भानगड नाही, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय आपला वाटा विकता येत नाही. टेनन्ट्स इन कॉमन, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा हिस्सा, असं लिहिलंत तर यातलं काही मिळत नाही. खरेदीच्या वेळी घेतलेली टायटल इन्शुरन्सची, म्हणजे मालकीत खोट निघाली तर भरपाई देणाऱ्या विम्याची पॉलिसी कपाटातून काढ. ती तुझ्या नावाची आहे. नवऱ्याला संरक्षण मिळायचं तर पॉलिसीत त्याचं नाव जोडून मिळतं का, हे सहीच्या आधी त्या कंपनीला विचार.

कर्जाचं म्हणशील तर तिथे भीती एक आणि गैरसमज दुसरा. भीती अशी की मालकी बदलली म्हणून बँक पूर्ण कर्ज एकदम मागेल. करारात तसं कलम असतंच, पण 1982च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने राहत्या घराचा मालकी हक्क नवरा, बायको किंवा मुलांना मिळाला तर बँकेला ते कलम वापरता येत नाही. एलएलसीला, म्हणजे स्वतः काढलेल्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला, ही सूट नाही. भाड्याचं घर मागचापुढचा विचार न करता एलएलसीच्या नावे करणारे आपले पुष्कळ लोक आहेत, त्यांना हे सांगून बघ. गैरसमज असा की डीडवर नाव आलं म्हणजे कर्जही वाटलं गेलं. कर्ज ज्याच्या सहीचं त्याचंच राहतं. घटस्फोटात हे फार महागात पडतं. एका बाईने मनाचा मोठेपणा दाखवून आधी क्विटक्लेमवर सही केली. नवरा नंतर रीफायनान्स, म्हणजे जुनं कर्ज फेडून एकट्याच्या नावे नवं कर्ज करणार होता, त्याने केलंच नाही. घर त्याचं, हप्ते चुकले ते मात्र हिच्या क्रेडिटवर. आधी रीफायनान्स, मग सही. निदान दोन्ही एकाच दिवशी, एकाच टेबलावर.

यापुढचा भाग दोनदा वाच, कारण इंटरनेटवरचे सल्ले अमेरिकन जोडप्यांसाठी लिहिलेले असतात. नवरा-बायकोत कितीही देणं-घेणं झालं तरी गिफ्ट टॅक्स नाही, हे तू वाचलं असशील. ते घेणारा जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तरच खरं. तुझा नवरा एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आहे. उद्या ग्रीन कार्ड आलं तरी फरक पडत नाही, नागरिकत्वच लागतं. नागरिक नसलेल्या जोडीदाराला वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतच विनाकटकट देता येतं. 2025 साली ती रक्कम 1,90,000 डॉलर होती. समज, कर्ज नसलेलं 6 लाखांचं घर आहे आणि तू अर्धा हिस्सा टेनन्ट्स इन कॉमन म्हणून त्याच्या नावे केलास. 3 लाखांची भेट झाली, वरचे 1,10,000 गिफ्ट टॅक्सचा फॉर्म 709 भरून आयआरएसला, म्हणजे इथल्या आयकर खात्याला, कळवावे लागतात. तेच नाव टेनन्सी बाय द एन्टायरटीत घातलं तर त्या दिवशी ती भेट धरतच नाहीत. पुढे घर विकून पैसे वाटून घेताना, ज्याने जेवढे घातले त्यापेक्षा जास्त दुसऱ्याला गेले, तर जास्तीची भेट तेव्हा मोजतात. डीडवरच्या चार शब्दांनी एवढा फरक पडतो आणि डाउनलोड केलेल्या नमुन्यात ते चार शब्द कोरेच असतात. डाउन पेमेंट कुणाच्या खात्यातून गेलं, हप्ते कोण भरतं, याचे कागद आतापासून एका फायलीत ठेवत जा.

'शुभ बोल नाऱ्या' म्हणशील, पण मृत्यूनंतरचंही विचार. मागे राहणारा जोडीदार नागरिक नसेल तर संयुक्त घराची सगळी किंमत गेलेल्याच्याच मालमत्तेत धरतात. मागे राहिलेल्याने स्वतःचे किती पैसे घातले हे दाखवता आलं, तर तेवढाच भाग वगळतात. ज्यांचा कायमचा मुक्काम अमेरिकेत त्यांना एस्टेट टॅक्समध्ये, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या करात, 2026पासून 1 कोटी 50 लाख डॉलरची सूट आहे, म्हणजे त्यात बसलीस तर चिंता नाही. पण ज्यांचा कायमचा मुक्काम इथला मानला जात नाही त्यांना सूट फक्त 60,000ची. एच-वन-बीवरच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या, माणसाचा मुक्काम कुठला, हे त्याच्या हेतूवरून आणि वागण्यावरून ठरतं. दर दिवाळीला 'दोन वर्षांत पुण्याला परत' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य कुठे आणि कुणापुढे म्हणावं, याचा जरा विचार करावा. तू तर करच, आणि हा प्रश्न सीपीएला, म्हणजे कर सल्लागाराला, स्पष्ट विचार.

मामांचं तू शेवटच्या ओळीत सहज लिहिलंस, पण मला तोच विषय जास्त गंभीर वाटतो. मामा-मामी सॅन होजेचं घर सोडून टेक्सासला लेकीकडे राहायला जाणार, आणि जाण्याआधी घर क्विटक्लेमने तिच्या नावे करणार, मग ती भाड्याने देणार. प्रेमापोटी चाललंय, पण हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही. नक्की आकडे मला माहीत नाहीत, म्हणून धर की 1985मध्ये 2 लाखांना घेतलेलं घर आज 16 लाखांचं आहे. जिवंतपणी भेट दिलं की मामांची जुनी खरेदी किंमतच लेकीचीही खरेदी किंमत धरतात. तिने पुढे विकलं तर 14 लाखांच्या नफ्यावर कर. मामा-मामींनी स्वतः आत्ताच विकलं तर गेल्या पाच वर्षांतली दोन वर्षं ते तिथे मालक म्हणून राहिलेत, त्यामुळे दोघांना मिळून 5 लाखांपर्यंतचा नफा माफ. लेक तिथे राहत नाही, तिला ही माफी नाही. आणि घर वारशाने गेलं तर मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची किंमत तिची खरेदी किंमत धरतात, म्हणजे तोवरचा नफा करासाठी पुसूनच जातो. कॅलिफोर्नियात घर कम्युनिटी प्रॉपर्टी, म्हणजे नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता, असेल तर पहिला जोडीदार गेला की दोघांच्याही अर्ध्या भागांची किंमत नव्याने धरतात. एवढं सगळं सोडून आत्ता कागद करायची घाई मला तरी समजत नाही.

शिवाय प्रॉपर्टी टॅक्स. 1978च्या प्रपोझिशन 13 या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे मामांच्या घराची करासाठीची किंमत वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्केच वाढत आली, म्हणजे माझ्या उदाहरणात आज साधारण साडेचार लाख. पूर्वी आईवडिलांकडून मुलांना राहतं घर गेलं की ही कमी किंमत तशीच पुढे चालायची. 16 फेब्रुवारी 2021पासून प्रपोझिशन 19 लागू झालं, आता मूल स्वतः त्या घरात राहायला गेलं तरच सवलत, आणि तिलाही मर्यादा. तुझी मामेबहीण भाड्याने देणार म्हणजे 16 लाखांवर साधारण एक टक्का आणि वर स्थानिक आकार. साडेचार हजारांचा कर सोळा हजारांच्या वर जाईल. वारशाने गेलं तरी हा कर वाढणारच, हेही खरं. पण ती वाढ आजच अंगावर घ्यायचं कारण काय?

प्रोबेट टाळायचं असेल तर लिव्हिंग ट्रस्ट करावा, म्हणजे जिवंतपणीच घर स्वतःच्या ट्रस्टच्या नावे ठेवावं. नाहीतर कॅलिफोर्नियात 2016पासून मृत्यूनंतर लागू होणारं ट्रान्सफर ऑन डेथ डीड आहे. दोन साक्षीदार, नोटरी, आणि नोटरी झाल्यावर 60 दिवसांच्या आत नोंदणी. मामांचं मन बदललं तर ते रद्दही करता येतं. क्विटक्लेम मागे घ्यायचं तर लेकीची सही लागेल, आणि मधल्या काळात तिच्यावर कुणी दावा लावला किंवा तिचा संसार बिनसला तर त्या घराचं नाव त्या कागदपत्रांत येणार. हे मामींना तू सांग. मामांना त्या सांगतील, आपण सांगून ते ऐकणाऱ्यातले नाहीत.

मग क्विटक्लेम वापरायचं तरी कुठे? मालकीवरची धूळ झटकायला. नावाचं स्पेलिंग चुकलं, जुन्या मालकाच्या एखाद्या वारसाची सही राहून गेली, घटस्फोटानंतर एकाचं नाव काढायचंय, घर आपल्याच लिव्हिंग ट्रस्टमध्ये घालायचंय. या ठिकाणी हमी मागायला समोर कुणी नसतं, आणि तिथे हा कागद उत्तम चालतो.

तुझ्या डीडचं प्रत्यक्ष काम सांगते. वर्णन टॅक्स बिलावरून उतरवू नकोस, खरेदीच्या डीडमधलं हद्दींचं वर्णन शब्दशः घ्यायचं, ब्लॉक आणि लॉट नंबरासकट. न्यू जर्सीत नवरा-बायकोतल्या हस्तांतराला रिअल्टी ट्रान्सफर फी माफ आहे, पण माफीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. राज्याच्या आयकराचा जीआयटी/आरईपी फॉर्म नसेल तर काउंटी क्लार्क डीड परत पाठवतो. सही झाली की नोंदणी लगेच कर. न नोंदवलेलं डीड तुम्हा दोघांत चालेल, तिऱ्हाइतापुढे टिकणार नाही. नोंद झाली की सरकारी वाटणारं एक पत्र येईल, 'तुमच्या डीडची प्रमाणित प्रत हवी असल्यास इतके डॉलर पाठवा'. कचऱ्यात टाक. काउंटीकडून ती प्रत थोडक्या पैशांत मिळते.

खरेदीच्या डीडची, टायटल पॉलिसीची आणि मॉर्गेज नोटची, म्हणजे गृहकर्जाच्या कराराची, प्रत स्कॅन करून मला पाठव. वकिलाची वेळ पुढच्या आठवड्यात घे, त्याआधी आपण फोनवर बसून त्याला विचारायचे प्रश्न लिहून काढू. जावयालाही फोनवर बसव, त्याचंही घर आहे.

तुझी,
काकू