शटर बंद, पण गल्ला चालूच

प्रश्न : कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत किराण्याचं घाऊक दुकान आहे. आठवड्यातून एक दिवस बंद असतं, पण तो दिवस उधारीची वही आणि फोन यांतच जातो. मनाला विसावा नाही. या सुट्टीची साधना कशी व्हावी?

उत्तर : तुम्ही शटर ओढलंत, धंदा बंद केला नाहीत. कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांना लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा थांबलेला असे. यहुदी शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत. त्यात सौद्याचं बोलणंसुद्धा वर्ज्य, आणि नोकर, बैल, गाढव यांनाही विसावा द्यायची आज्ञा. आपल्याकडं बेंदराला, बैलांच्या सणाला, बैलावर जू ठेवत नाहीत, तसंच. जैन श्रावक अष्टमी-चतुर्दशीच्या प्रोषधोपवासात जेवणाबरोबर व्यापाराची खटपटही सोडतो. उपास धरून गल्ल्यावर बसणं म्हणजे अर्धंच व्रत.

एकदम २४ तासांचा नेम धरू नका, मोडतो. आधी ४८ मिनिटं घ्या. जैनांच्या सामायिकाचा, म्हणजे समभावानं बसायच्या साधनेचा, काळही तेवढाच, म्हणजे दोन घटका. ते जमलं की सूर्यास्त ते सूर्यास्त. आदल्या संध्याकाळी गल्ला मोजा, रोजमेळ मिटवा, डोक्यात घोळणारी कामं चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवा. मग वही, किल्ल्या आणि दुकानाचा फोन कपाटात. फोन नुसता मुका करून भागत नाही. पैसे जमा झाल्याचा एक मेसेज दिसला की मन बेरजेला बसतं.

नेम मोडतो तो बहुतेक वसुलीपायी. सुट्टीला देणेकरी घरी सापडतो, म्हणून 'जाता जाता' पाय तिकडं वळतात. त्या दिवशी त्याच्या गल्लीतूनच जाऊ नका. दुपारी तीन-चारला हात शिवशिवतात. ती वेळ हरिपाठाला किंवा रंकाळ्यावर पायी फिरायला ठेवा. अंबाबाईला जरूर जा, पण तिथं विक्री वाढू दे म्हणालात तर तोही सौदाच. आणि हमाल रोजंदारीवर असेल तर बंदची मजुरी द्या. त्याला उपाशी ठेवून घेतलेला विसावा कसला?

प्रश्न : यांचा विसावा, आणि माझा स्वयंपाक दुप्पट! माझं काय?

उत्तर : शब्बाथला विस्तव पेटवत नाहीत, रांधणं आदल्या दिवशीच उरकतात. तुम्हीही आदल्या दिवशी दशम्या करून ठेवा, जोडीला शेंगदाण्याची चटणी आणि दही. भांडी पुरुषांनी घासायची. दशम्यांची कणीक मात्र दुधातच भिजवा. पाण्यातल्या दुसऱ्या दिवशी वातड होतात.