नवा देश, बलाढ्य शेजारी : पूर्व तिमोर

प्रश्न : नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशावर मोठा शेजारी कसा दबाव आणतो?

मी गोव्यातल्या फोंड्याचा, म्हणून आधी पूर्व तिमोर आठवतो, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधला छोटा देश. तीही पोर्तुगिजांची वसाहत. गोवा १९६१ ला मुक्त झाला. तिमोरवर १९७५ मध्ये इंडोनेशिया चालून आला आणि स्वातंत्र्य मिळालं थेट २० मे २००२ ला.

१९९९ च्या हिंसाचारात तिथे शांतिसेना घेऊन पोचला तो ऑस्ट्रेलियाच, हे उपकार खरेच. पण तिमोर आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधल्या समुद्राखाली तेल आणि वायू आहे. सागरी सीमेचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येऊ नये, म्हणून ऑस्ट्रेलियाने तिमोरच्या स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी त्या बाबतीतलं न्यायालयाचं अधिकारक्षेत्र नाकारलं. तिथल्या एका साठ्यातल्या वायूची पाइपलाइन गेली ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला, त्यामुळे कारखाना आणि नोकऱ्याही तिकडेच.

मला सगळ्यात लागतं ते पुढचं. २००४ मध्ये वाटाघाटी चालू असताना, तिमोरच्या मंत्रिमंडळाच्या कचेरीचं ऑस्ट्रेलियाच्या मदतीच्या नावाखाली नूतनीकरण झालं आणि त्याच भिंतींत ऐकण्याची यंत्रं बसवली गेली, असा आरोप आहे. कोणाला किती हिस्सा हवा, कुठपर्यंत माघार घ्यायची, सगळं पलीकडे आधीच कळलेलं! हे उघड करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्याच माजी हेराला २०२१ मध्ये शिक्षा झाली, स्थगित का होईना.

तिमोर मात्र हटला नाही. त्याने प्रकरण नेदरलँड्समधल्या हेगच्या लवादाकडे नेलं, आणि २०१८ च्या करारात सीमा बरीचशी मधोमध आखली गेली. ग्रेटर सनराइज या मोठ्या साठ्यातला किमान ७० टक्के महसूल तिमोरचा ठरला. या साठ्यातला वायू अजून समुद्राखालीच आहे.