गोदाम घेण्याआधी नाली बघ

बाळा,

इंदूरमध्ये जिनची डिस्टिलरी काढायची म्हणतोस, तो तुझा मेसेज वाचला. बाटली कशी घेऊ, लेबलवर राजवाडा टाकू का, जिनमध्ये तिला वास देणाऱ्या जुनिपरच्या फळांसोबत मोहाची फुलं चालतील का, इतके प्रश्न आणि पाण्याबद्दल एकही नाही! पोलोग्राउंडचं ते जुनं गोदाम तुला आवडलं कारण छत उंच, विटा उघड्या, फोटो मस्त येतील. अरे पण नाली कुठे आहे त्याची?

स्पिरिट विकत न आणता स्वतः आंबवायचंय म्हणतोस, मला मनापासून आवडलं, मग हिशोब पण तूच कर. १० टक्क्यांचा १००० लिटर वॉश, म्हणजे आंबवलेलं पातळ मिश्रण, भट्टीत घातला की त्यात अल्कोहोल १०० लिटर. उरलेलं बहुतेक सगळं उकळतं, आंबट, तपकिरी स्पेंट वॉश म्हणून तुझ्या अंगावर येणार. ते कान्ह नदीत सोडणार का? आधी पाणी, मग भट्टी.

आणि थंड करायचं पाणी? आपली नर्मदा ७० किलोमीटरवरून, जलूदहून पंपांनी वर चढवून येते, ती एकदा वाफेची दारू करणाऱ्या कंडेन्सरमधून फिरवून गटारात घालवायची हे मला नाही चालणार. क्लोज्ड लूप लाव, म्हणजे तेच पाणी फिरत राहील, ते गार करायला चिलर लाव, मे महिन्यात टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं असतं की वाफ धड थंड होत नाही.

त्या उंच छतावर पण भाळू नकोस. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बसते, म्हणून वरचे झरोके पुरत नाहीत, एक्झॉस्ट जमिनीलगत पाहिजे. ४० टक्क्यांची दारू सुद्धा साधारण २६ डिग्रीलाच ठिणगीने पेटेल इतकी वाफ सोडते, आणि इंदूरचा उन्हाळा तुला माहीत आहे.

म्हणशील काका सारखं पाणी पाणी करतात. करणारच. मी होतो त्या दारूच्या कारखान्यात रात्री स्पेंट वॉश ओढ्यात सोडायचे आणि सकाळी रजिस्टरमध्ये सगळं ओके. मी सही केली नाही, घरी बसलो, तुझ्या काकूने शिकवण्या घेऊन घर चालवलं. नातेवाईक अजून म्हणतात फुकटचा हट्ट केला. केला! काकूच्या त्या दिवसांचं वाईट वाटतं, सही न केल्याचं कधीच नाही. त्या ओढ्यावर गुरं पाणी प्यायची रे, फेस बाजूला करून.

तांब्याच्या भट्टीचा ॲडव्हान्स अजून दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर लगेच फोन कर, ओरडणार नाही. रविवारी टेप घेऊन ये, फरशीवर दोन बादल्या पाणी ओतू आणि उतार कुठे जातो ते बघू.