वाचक विचारतात : उजनीचा काठ सावकाश कसा पाहावा?

प्रश्न : जानेवारीत आम्ही दोन कुटुंबे सोलापूरहून उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला गेलो होतो. होडीवाल्याने इंजिनाची होडी थेट थव्यात घातली, पक्षी उडाले, मुलांनी छायाचित्रे काढली आणि पाऊण तासात आम्ही काठावर परतलो. काहीच न पाहिल्याची रुखरुख लागली आहे. पक्ष्यांना त्रास न देता हा परिसर कसा पाहता येईल? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : उजनीवर काय दिसेल हे महिन्याइतकेच पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते, म्हणून तयारीची सुरुवात घरी, वर्तमानपत्रापासूनच करावी. उजनी धरण किती टक्के भरले याची बातमी सोलापूरकर नळाच्या पाण्याच्या आणि उसाच्या काळजीने वाचतात. आपण तीच बातमी चिखलाच्या हिशेबाने वाचावी. रोहित पक्षी गुडघाभर पाण्यात चोच उलटी धरून जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीच्या कडांवरील जाळीतून शेवाळ व बारीक जीव गाळून घेतो. धरण तुडुंब असले की त्याला अशी उथळ जागा फारशी उरत नाही. सुमारे ११७ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) साठा उतरत उतरत मृत साठ्याच्या (धरणाच्या तळाशी उरणाऱ्या पाण्याच्या), म्हणजे सुमारे ६३ टीएमसीच्या दिशेने सरकू लागला की भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला आणि पलीकडे आपल्याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्याच्या काठाला गाळाचे पट्टे उघडे पडतात. त्यामुळे भरपूर पावसाच्या वर्षी रोहितांसाठी जानेवारीपेक्षा मार्च बरा. पण तोवर पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) आणि चक्रवाक (नारिंगी बदके) हे हिवाळी पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात. रोहित आणि हे पाहुणे असे दोन्ही हवे असतील तर फेब्रुवारीत जावे.

आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोहोचावे, पहाटे अंधारात काठ गाठावा आणि एकदा बसल्यावर किमान दोन तास जागा सोडू नये. सुरुवातीला पक्षी लांब सरकतात, मग आपली दखल घेणे सोडून देतात आणि चरत चरत पुन्हा जवळ येतात. हा बदल दुर्बिणीशिवायही कळतो, आणि माझ्या मते सहलीचा खरा मोबदला तोच असतो. रात्री शेतांत चरणाऱ्या पट्टकादंबांचे थवे उजाडताना पाण्याकडे परततात. चित्रबलाक हा करकोचा अर्धवट उघडी चोच गढूळ पाण्यात फिरवत राहतो आणि मासा चोचीला लागताक्षणी ती मिटतो, कारण त्याची शिकार नजरेपेक्षा स्पर्शावर चालते. पाणकणसांवरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून उडत आला की विखुरलेले वारकरी (काळे, पांढऱ्या चोचीचे पाणपक्षी) क्षणात एकमेकांना चिकटतात. मुले कंटाळतील ही भीती मलाही वाटत असे; त्यांना एकच पक्षी नेमून द्यावा आणि तो काय काय करतो ते वहीत लिहायला सांगावे.

उन्हे वर आल्यावर काठाने पायी फिरावे. पाणी ओसरलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात, तेव्हा पिकातून जाण्यापूर्वी विचारावे. चिलापीची जाळी सोडवत बसलेल्या मच्छीमारांशी बोलावे. कोणता पक्षी कालपासून कुठे बसतो आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

होडी जरूर घ्यावी, पण वल्ह्याची. इंजिनाचीच मिळाली तर थव्यापासून दूरवरच ते बंद करायला सांगावे, आणि हे भाडे ठरवतानाच बोलून घ्यावे. रोहिताला उडण्यासाठी पाण्यावर बरेच अंतर धावावे लागते. दिवसभरात दहा होड्यांनी त्याला उठवले तर चरण्याचा वेळ आणि अंगातील ताकद दोन्ही वाया जातात. हिमालय ओलांडून परतणाऱ्या पट्टकादंबाला तर साठवलेल्या चरबीवरच प्रवास करायचा असतो. ‘उडवून दाखवतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणावे.

प्रश्न : धरणाच्या पाण्याला पाणथळ म्हणता येते का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : येते. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी झालेल्या १९७१ च्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराने नैसर्गिक आणि कृत्रिम अशा दोन्ही जागा पाणथळ मानल्या आहेत. २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेले नांदूर मधमेश्वरही गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच घडले. उजनीपर्यंत जाणे जमत नसेल, तर सोलापूरजवळचा हिप्परगा तलावही, ज्याला एकरुख असेही म्हणतात, माणसानेच बांधलेला आहे. एखाद्या रविवारी उजाडण्यापूर्वी तिथे जाऊन बसावे.