आईसाठी दंडमुक्ती मागताना

बाळ, आईची कबर वसईला आणि तू कोल्हापुरात, याची खंत करू नकोस. १ ते ८ नोव्हेंबरमध्ये कुठल्याही दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केलीस, मनातल्या मनात का होईना, तरी पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेची कॅथलिक चर्चने दिलेली पूर्ण माफी, तिच्या आत्म्यासाठी अर्पण करता येते. इथल्याच दफनभूमीत जा. माझी आई गेली त्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आठ दिवस नुसते रडण्यात गेले.

पण नुसतं जाऊन येणं पुरत नाही. धर्मगुरूपुढे पापनिवेदन, मिस्सात ख्रिस्तशरीर घेणं आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, तिन्ही हवं. शिवाय मनाला कुठल्याही पापाची ओढ नको, लहानशा पापाचीही. मला हेच सगळ्यात जड जातं. ते नाही जमलं तर दंडमुक्ती अंशतः मिळते, वाया जात नाही. पापनिवेदन एकदा केलं तरी आठही दिवसांना चालतं. ख्रिस्तशरीर आणि पोपसाठीची प्रार्थना मात्र रोज, कारण पूर्ण दंडमुक्ती दिवसाला एकच.

पैसे कुणी मागितले तर सरळ नाही म्हण. पैशांशी जोडलेल्या दंडमुक्ती पोप पाचव्या पायसने १५६७ मध्येच रद्द केल्या.

३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला जुन्या गोव्याला जायचं म्हणतेस, जरूर जा. आजरा-आंबोलीमार्गे पहाटे निघ. पण आधी नोव्हेंबरचे हे आठ दिवस आईला दे.