आधी कापड हातात घे

बाळ,

तुझं पत्र वाचलं. नाट्यशास्त्राला प्रवेश मिळालाय, वडील म्हणतात कापडाचा डिप्लोमा कर, आणि तुला वाटतं एक धरलं की दुसरं सुटलं. कोणी सांगितलं तुला हे? विंगा, झालरी, मागचा पडदा, फ्लॅटच्या लाकडी चौकटीवर ताणलेला मांजरपाट, हे सगळं कापडच ना? तुमच्या घरच्या मागावर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ देतात. पडदा रंगवण्याआधी आम्हीही मांजरपाटाला खळच देतो.

तू लॅपटॉपवर केलेला राजवाडा पाहिला. देखणा आहे. पण तो लाल पडदा कशाचा? साटिनचा की जाड सुती? लिहिलंच नाहीस! साटिन समोरच्या उजेडात चमकेल आणि प्रेक्षकाची नजर नटावरून उडेल. सुती कापड उजेड पिऊन घेईल. रात्रीच्या प्रवेशात नुसता निळा प्रकाश सोडलास तर तुझा लाल काळा दिसेल. म्हणून म्हणते, आधी कापड हातात घे. चुरगळ, भिजव, बाजूने टॉर्च मार. विणीचा उठाव बाजूच्या उजेडातच कळतो.

घरातली सोलापुरी चादर उलटून बघ. नक्षी तीच, रंगांची मात्र अदलाबदल. त्या दुहेरी विणीवरून मी मुलांना दोन्ही बाजूंनी वापरायचे पडदे करायला शिकवलं: फिरवला की दिवसाची रात्र, आणि दौऱ्याच्या गाडीत एक बोजा कमी. ही युक्ती मला जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारे भोकांचे, पुठ्ठे ओवणाऱ्या एका कारागिराशेजारी बसून सुचली. पुठ्ठ्यात भोक असेल तिथं हूक उचलतो, ताण्याचा धागा वर येतो. नसेल तिथं खालीच राहतो. 1804 सालची ही रीत आजही तुझ्या घरात चालू आहे, आणि तू मला ॲप कुठलं घेऊ विचारतेस!

मी मुंबईला गेले नाही याची लोक अजून हळहळ करतात. मोठी नाटकं हातची गेली, खंत आहेच. पण इथं, विणकरांच्या गावात, हव्या त्या रंगात सूत रंगवून मिळतं, मागावरून उतरतं कापड वर्गाला दाखवता येतं. शिकवायला मला हेच गाव हवं होतं. हे समर्थन वाटेल. असू दे, खरं आहे.

तू प्रवेश घे. वडिलांशी मी बोलते. जुने पुठ्ठे मात्र भंगारात घालू देऊ नकोस, मला वर्गासाठी हवेत. आणि राजवाडा पुन्हा पाठवशील तेव्हा प्रत्येक पडद्याशेजारी त्या कापडाचा तुकडा टाचलेला हवा. नसेल तर मी चित्र बघणार नाही.

तुझी,
मॅडम